घाटात मागे पडते, म्हणून गट सोडावा का?

«ताई, सप्रेम नमस्कार. मी ४९ वर्षांची असून इंदूरच्या एका शाळेत गणित शिकवते. गेल्या दीड वर्षापासून रविवारी सकाळी निघणाऱ्या एका सायकल गटात मी जाते. गटात अकरा जण आहेत आणि त्यांत बाई मी एकटीच आहे. सपाट रस्त्यावर मी सर्वांच्या बरोबरीने असते, पण सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरून आम्ही चोरलपर्यंत गेलो की परतीच्या चढावर मी दर वेळी मागे पडते, आणि दिवाळीनंतर तर फारच मागे पडू लागले आहे. वर सगळे थांबलेले असतात. मी पोहोचले की ‘चला, मॅडम आल्या’ असे म्हणून लगेच निघतात. उताराचीही मला भीती वाटते आणि हाताला मुंग्या येईपर्यंत मी ब्रेक दाबून धरते. गेले तीन रविवार मी सिमरोललाच ‘घरी पाहुणे येणार आहेत’ असे सांगून एकटी परत फिरले. पाहुणे कोणी आले नव्हते. यजमान म्हणतात की एवढा त्रास होत असेल तर घरच्या घरी व्यायाम कर. मला कोणीही वाईट बोललेले नाही, परंतु माझ्यामुळे दहा जणांची सकाळ वाया जाते असे सारखे मनात येते. मी गट सोडावा का?»

सप्रेम नमस्कार.

गट सोडू नका, हे उत्तर मी आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचे तुम्ही शांतपणे वाचाल. मात्र आज जसे चालले आहे तसेच चालू द्या, असेही मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रातले ‘पाहुणे कोणी आले नव्हते’ हे चार शब्दांचे वाक्य माझ्या मनाला फार लागले. एरवी वर्गात मुलांना बेरीज चुकली तरी चालेल पण खोटे सांगू नका असे बजावणारी बाई पहाटे पाच वाजता उठते, दिवा लावून वीस-बावीस किलोमीटर सायकल चालवते आणि जिथून खरा आनंद सुरू व्हायचा त्या सिमरोलच्या नाक्यावरून पाहुण्यांचे निमित्त सांगून माघारी वळते, याचा अर्थ तुमचे पाय थकण्याच्या बऱ्याच आधी मन थकले आहे. त्यामुळे आधी मनावरचे ओझे उतरवू आणि पायांकडे नंतर येऊ.

चढावर गट फुटतो यात कोणाचाही दोष नसतो. तुम्ही गणित शिकवता, म्हणून ते हिशेबानेच सांगते. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. पुढच्याच्या चाकाला धरून राहिले की ती हवा त्याने आधीच बाजूला सारलेली असते आणि मागच्याचे श्रम साधारण पाव ते एक तृतीयांशाने वाचतात. राऊपर्यंत किंवा तेजाजी नगरापर्यंत तुम्ही सर्वांच्या बरोबरीने असता त्याचे हे एक कारण आहे, आणि गटाने जाण्याचा खरा फायदाही हाच आहे. घाट लागला की वेग ताशी नऊ-दहा किलोमीटरवर येतो. त्या वेगाला हवेचा विरोध जवळजवळ उरतच नाही, आणि जे काही करायचे ते स्वतःचे आणि सायकलचे वजन वर उचलणे एवढेच असते. पाच टक्क्यांचा चढ म्हणजे एका किलोमीटरला ५० मीटर उंची, म्हणजेच तुम्ही, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून सत्तर किलोचे ओझे दर किलोमीटरला पंधरा-सोळा मजली इमारतीच्या गच्चीवर नेऊन ठेवायचे. या कामात पुढच्याच्या पाठीचा आडोसा कामाला येत नाही. तिशीतला एखादा मुलगा ताशी १२ किलोमीटरने चढत असेल आणि तुम्ही ताशी आठने, तर सहा किलोमीटरच्या चढावर त्याला अर्धा तास लागेल आणि तुम्हाला पाऊण तास. पंधरा मिनिटांचा हा फरक निव्वळ भागाकारातून येतो, त्यात आळस किंवा कमीपणा शोधू नये.

त्यात आपल्या इंदूरचा भूगोल आणखी परीक्षा पाहणारा आहे. पुण्याचे सायकलस्वार ताज्या पायांनी सिंहगड चढतात आणि दमल्यावर त्यांच्या वाट्याला उतार येतो. आपण मुळातच पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर राहतो, त्यामुळे दक्षिणेला कुठेही जा, भेरूघाट घ्या, मानपूरचा घाट घ्या किंवा महूहून मंडलेश्वरकडे उतरणारा जाम दरवाजाचा रस्ता घ्या, आधी खाली नर्मदेच्या खोऱ्यात, निमाडात उतरावे लागते आणि मग परत वर यावे लागते. नर्मदेपर्यंत गेलात तर इंदूरच्या मानाने जवळपास ४०० मीटर खाली जाता. अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये उभारलेला तो जाम दरवाजा माळव्याच्या अगदी काठावर उभा आहे, आणि त्याच्या कमानीतून खाली निमाड पाहताना फार सुंदर दिसते, परंतु साडेनऊ वाजता ऊन तापू लागल्यावर, पोटातले संपल्यावर आणि बाटलीत दोन घोट उरल्यावर त्याच कमानीकडे चढत येणे ही वेगळीच गोष्ट असते. आपल्याकडचा चढ बहुधा उत्तरार्धात येतो, म्हणून आपल्या गटांनी सकाळची आखणीही त्या उत्तरार्धाच्या हिशेबाने केली पाहिजे, आणि ती बहुतेक गट करत नाहीत.

आता तुमच्या गटाविषयी. ते लोक वाईट नाहीत, हे तुमच्या पत्रावरून दिसतेच, कारण ते थांबतात. मात्र थांबण्याची त्यांची पद्धत चुकीची आहे. जो पंधरा मिनिटे आधी पोहोचतो त्याला पंधरा मिनिटांची विश्रांती मिळते, तो पाणी पितो, खातो, फोटो काढतो. आणि जी सर्वांत जास्त दमलेली असते तिला मात्र पाय टेकवण्याचीही फुरसत न मिळता पुढे निघावे लागते. प्रत्येक टेकडीला असेच झाले की चौथ्या टेकडीपर्यंत तिच्या आणि इतरांच्या थकव्यातले अंतर किती वाढलेले असेल, ते तुम्हीच मांडून पाहा. शिवाय मागे एकटे राहण्याचे इतर जाचही असतात आणि पुढे असणाऱ्यांना ते कधी कळत नाहीत. गावातून पुढचे दहा जण गेले की ओट्यावर झोपलेली कुत्री जागी होतात आणि ती धावतात शेवटच्या सायकलच्या मागे. पुढच्यांना वाटते की या गावात कुत्री शांत आहेत. (कुत्रे अंगावर आले तर वेग वाढवू नका आणि लाथही उगारू नका; थांबा, उतरा आणि सायकल मध्ये धरून मोठ्याने हाकला.) सिमरोल-चोरलच्या या खंडवा रस्त्यावर ट्रक आणि डंपरची वर्दळ असते, आणि अशा रस्त्यावर दहा जणांचा पुंजका चालकाला लांबून दिसतो, तसा एकटा सायकलस्वार दिसत नाही.

हे मी स्वतः भोगले आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या गटाबरोबर जात असे, त्याच्या मागे राहून मी सिमरोलच्या अलीकडे पंक्चर झाले. ट्यूब माझ्याकडे होती, पण पंप मात्र पुढे गेलेल्या एका मित्राच्या खिशात होता, आणि फोनला रेंज नव्हती. मी मैलाच्या दगडावर बसून ट्यूब बदलली आणि त्या लुळ्या टायरकडे पाहत राहिले. दुधाचे दोन कॅन लावलेल्या मोटरसायकलवरून जाणाऱ्या एका गृहस्थांनी मला चाकासकट गावातल्या पंक्चरवाल्याकडे नेले. तिथे कॉम्प्रेसर होता, हवा होती, परंतु आमच्या सायकलींचा बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह त्याच्या नळीला बसत नव्हता. शेवटी दुकानदाराने चिंधी गुंडाळून, बोटांनी दाबून धरून, कशीबशी घरी पोहोचण्यापुरती हवा भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत. गट तोपर्यंत पोहे खाऊन घरी गेला होता. मी मधूनच वळले असेन, असे त्यांना वाटले होते. त्या दिवसापासून असा व्हॉल्व्ह दुकानाच्या नळीला जोडणारा पितळेचा छोटासा अ‍ॅडॅप्टर माझ्या खोगिराखालच्या पिशवीत कायम असतो. हात दुखला तरी चालेल, पण पंपही माझा स्वतःचा असतो. तुम्हीही आजच अ‍ॅडॅप्टर घ्या, पन्नास-शंभर रुपयांची वस्तू आहे. आणि एक गोष्ट लक्षात घ्या: तुम्ही पाहुण्यांचे कारण सांगून निघून जात राहिलात, तर एखाद्या दिवशी तुम्ही खरोखर रस्त्यात अडकाल तेव्हाही त्यांना वाटेल की मॅडम घरी गेल्या असतील.

मग गटाने काय करावे? आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी मीटर गेजच्या गाडीने अकोला-खंडव्याकडून इंदूरचा प्रवास केला आहे, त्यांना कालाकुंडचे स्टेशन आठवत असेल. तिथला कलाकंद आठवेल, आणि पातालपाणीचा चढ चढण्यासाठी गाडीला मागून जोडलेली जादा इंजिनेही आठवतील. पुढचे इंजिन कितीही दमदार असले तरी त्या घाटात गाडी वर जायची ती मागून लागलेल्या जोरावर. सायकलच्या गटालाही चढावर मागे कोणीतरी लागते. पुष्कळ गटांत त्याला स्वीपर म्हणतात. त्या दिवसापुरता एक दमाचा, अनुभवी सायकलस्वार शेवटच्या माणसाच्या पुढे जात नाही, पंप आणि जादा ट्यूब त्याच्याकडे असते, आणि तो बोलत राहतो किंवा गप्प राहतो, पण असतो. ही पाळी दर रविवारी बदलली की कोणावर भार पडत नाही. तुम्ही म्हणाल की माझ्यासाठी एखाद्याने आपला वेग का मोडावा. तर दमदार मंडळींसाठी त्याहून चांगली युक्ती आहे, आणि ती मी स्वतः पाहिलेली आहे: जे आधी वर पोहोचतात त्यांनी तिथे उभे राहून घाम वाळवण्याऐवजी एक-दोन वळणे परत खाली उतरावे आणि शेवटच्या माणसाबरोबर पुन्हा चढावे. त्यांना हवा तेवढा जादा व्यायाम मिळतो, हिवाळ्यात ओल्या अंगाने थंडीत ताटकळावे लागत नाही, आणि शेवटच्या वळणावर तुमच्या शेजारी कोणीतरी असते. त्याबरोबर आणखी एक नियम असावा, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: शेवटचा माणूस पोहोचल्यानंतर पाच मिनिटे कोणीही हलायचे नाही. विश्रांती शेवटच्याच्या घड्याळाने मोजायची.

यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही, कारण जगातले सर्वांत वेगवान सायकलस्वारही असेच करतात. टूर डी फ्रान्सच्या डोंगरातल्या टप्प्यांवर, सपाट रस्त्याच्या शेवटी झेप घेऊन जिंकणारे जडदेही खेळाडू चढावर पार मागे पडतात. तेव्हा ते प्रतिस्पर्धी संघांचे असूनही एकत्र येऊन एक घोळका करतात आणि ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचण्यापुरता वेग हिशेबाने सांभाळत एकमेकांना वर नेतात. त्या शर्यतीत सर्वांत शेवटी असलेल्या खेळाडूला रेल्वेच्या अखेरच्या डब्यावरच्या लाल दिव्याचे नाव देतात. तो दिवा दिसला की गाडी पूर्ण आली, मध्ये कुठे डबा सुटला नाही, हे स्टेशनवाल्यांना कळत असे. तुम्ही वर दिसेपर्यंत तुमचा गटही पूर्ण आलेला नसतो, आणि हे गटप्रमुखाला कळले पाहिजे.

ते त्याला कळवण्याचे काम मात्र तुमचेच आहे, कारण दीड वर्षात तुम्ही एकदाही सांगितलेले नाही. घाटाच्या माथ्यावर, धापा टाकत आणि डोळ्यांत पाणी येण्याच्या बेतात असताना सांगू नका. शनिवारी संध्याकाळी गटप्रमुखाला फोन करा आणि सरळ सांगा: “दादा, गेले तीन रविवार माझ्याकडे पाहुणे आले नव्हते. घाटात मी मागे राहते आणि एकटी पडते म्हणून परत फिरत होते. मला गटाबरोबर यायचे आहे. उद्या चढावर कोणीतरी शेवटी माझ्याबरोबर राहील का, आणि वर पोहोचल्यावर मला पाच मिनिटे मिळतील का?” एवढेच बोला आणि थांबा. माफी मागू नका, ‘मला काय, मी सोडूनही देईन’ असे शेपूट जोडू नका, कारण ते जोडले की समोरचा माणूस तुमच्या मागणीऐवजी तुमची समजूत घालत बसतो. माझा अनुभव असा आहे की दहांपैकी निदान दोन-तीन जण मनातून सुटकेचा श्वास टाकतील, कारण तुमच्या मागे कोणी नसले तरी तुमच्या थोडेसे पुढे असणारा एखादा तरी असतोच, जो दर रविवारी शेवटचे न ठरण्यासाठी जिवावर उदार होऊन चढत असतो.

आता तुमच्या बाजूचे काम. मला खात्री आहे की चढ सुरू झाल्यावर पहिला अर्धा किलोमीटर तुम्ही त्यांच्या चाकामागे राहण्यासाठी जीव तोडता, आणि तिथेच तुमची सकाळ संपते. पायांत एकदा तशी आग भरली की उरलेला सगळा चढ ती विझवण्यात जातो. म्हणून पुढच्या वेळी पायथ्याशीच, ठरवून, त्यांचे चाक सोडा. ते जाऊ द्या. वेग एवढाच ठेवा की तोंडाने तेराचा पाढा म्हणता आला पाहिजे. ‘तेर त्रिक एकोणचाळीस’पर्यंत येऊन श्वास तुटला तर तुम्ही फार जोरात आहात, आणि ‘तेरा दाही’पर्यंत गाण्याच्या चालीवर म्हणता आला तर थोडे वाढवा. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण असे हळू सुरू केलेले लोक एकूण चढ लवकर संपवतात.

दुसरे म्हणजे गिअर. सायकल कोणती ते तुम्ही लिहिलेले नाही, परंतु दुकानातून येणाऱ्या अनेक रोड सायकलींना पुढे ३४ दात्यांची लहान चक्री आणि मागे सर्वांत मोठी २८ दात्यांची असते. मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवले तर त्या गिअरवर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या थोडा वर पडतो. तुमची ताकद ताशी सातपुरतीच असेल तर पायडलचे फेरे मिनिटाला ४५ च्या आसपास येतात, आणि मग प्रत्येक फेरा जिना चढल्यासारखा गुडघ्यावर पडतो. मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे चक्र्यांचा संच, बसवलीत तर तेच ६० फेरे ताशी साडेसात किलोमीटरला मिळतात. सायकलच्या चांगल्या कारागिराला आधी विचारा, कारण चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा मागचा डिरेलर एवढी मोठी चक्री पेलणारा नसेल तर तोही बदलावा लागतो आणि चेनही लांब घ्यावी लागते. खर्च होईल. गुडघ्यांच्या मानाने तो थोडा आहे.

तिसरी गोष्ट मी थोडी आग्रहाने सांगते. ‘दिवाळीनंतर तर फारच’ असे तुम्ही सहज लिहून गेलात. दीड वर्ष नियमित सायकल चालवणाऱ्या व्यक्तीचा दम वाढायला हवा किंवा निदान टिकायला हवा. दोन-तीन महिन्यांत तो घसरला तर त्याचे कारण शोधले पाहिजे. आपल्या वयाच्या बायकांमध्ये पाळी अनियमित होण्याच्या काळात जास्त रक्त जाणे ही सर्रास गोष्ट असते, आणि आपण ती ‘या वयात होतेच’ म्हणून सोडून देतो. रक्तातले हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की त्याला पंडुरोग म्हणतात, आणि सपाट रस्त्यावर तो जाणवला नाही तरी चढावर हमखास जाणवतो, कारण तिथे स्नायूंना हवा असलेला प्राणवायू रक्तच नेऊन देत असते. म्हणून या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा, थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घ्या, आणि लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. चढावर कधी छातीवर दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ आली, घाम गार वाटला, तर तिथेच सायकल आडवी टाका, थांबलेल्यांना बोलवा आणि सरळ दवाखाना गाठा. तेव्हा संकोच करू नका.

उताराची भीती योग्य आहे आणि ती पूर्ण जाऊही नये, परंतु ब्रेक सतत दाबून धरण्याची तुमची सवय मात्र सोडली पाहिजे. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर लांब घाटात रिम तापते, आणि डिस्क असली तरी तीही तापते. बोटे बधिर होतात ती वेगळीच, आणि नेमकी गरज असते तेव्हा त्यांत जोर उरत नाही. दोन्ही ब्रेक काही क्षण घट्ट दाबावेत, वेग उतरवावा, मग सोडून द्यावेत, पुन्हा दाबावेत. वळणाचा सगळा ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना लावून संपवायचा आणि वळणात शिरल्यावर हात मोकळे ठेवायचे. बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि त्यावर भार, हात हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर, कारण तिथून ब्रेकला पूर्ण ताकद मिळते. नजर पुढच्या खड्ड्यावर न खिळवता वळण जिथे सुटते तिथे न्यायची, कारण सायकल नजरेच्या मागे जाते. दुसऱ्या बाजूला कधीही जाऊ नका. घाटातल्या वळणावर समोरून येणाऱ्या ट्रकला आपली बाजू पुरत नाही. पावसाळ्यानंतर वळणांच्या आतल्या कडेला बारीक गिट्टी साचलेली असते, आणि ऑक्टोबरात गावांजवळच्या रस्त्यांवर सोयाबीन वाळत घातलेले असते, ज्यावर चाक साबणावरून सरकल्यासारखे सरकते. तिथे उतरून चालत जाण्यात काहीच बिघडत नाही. उतारावर गटातल्या दोन सायकलींमध्ये सपाट रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर हवे, म्हणून तिथे तुम्ही मागे राहिलात तर ते चांगलेच आहे. पुढचा माणूस ‘गड्डा’ म्हणून ओरडेल तेव्हा तुमच्याकडे विचार करायला वेळ असेल.

खाण्याविषयी थोडक्यात सांगते. आपल्या गटांना परतल्यावरच्या पोहे-जिलेबीची एवढी ओढ असते की आधी कोणी काही खातच नाही. दीड तासापेक्षा जास्त चालवणार असाल तर दर तासाला एखादे केळे आणि दोन-तीन खजूर किंवा गुळाच्या चिक्कीचा तुकडा पोटात गेला पाहिजे, आणि तो घाट लागण्याआधी, चोरलला थांबल्यावरच. एका बाटलीत साधे पाणी, दुसऱ्यात मीठ, साखर, लिंबू. तहान लागायची वाट पाहू नका.

यजमानांचे म्हणणे मी काळजीचे समजते. तुम्ही घरी येऊन उदास बसता ते त्यांना दिसते, घाटातली सकाळ दिसत नाही. त्यांना एकदा गाडी घेऊन जानापावला बोलवा. त्या चढाला नर्मदेच्या खोऱ्यात उतरावे लागत नाही, सुमारे साडेआठशे मीटरच्या त्या माथ्यावर देऊळ आहे, झाडी आहे, चंबळेचा उगम आहे, आणि वर उभे राहिले की खालच्या वळणांवरून चढत येणारी सायकल बराच वेळ दिसत राहते. तुम्ही वर पोहोचताना त्यांनी तुमचा चेहरा पाहावा, एवढीच माझी इच्छा आहे.

आणि समजा गटाने ऐकले नाही? तसे होईल असे मला वाटत नाही, पण झालेच तर सुटकेचा श्वास टाकणाऱ्या त्या दोन-तीन मंडळींना घेऊन सव्वापाचला निघा आणि गटाला घाटाच्या माथ्यावर भेटा. ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पार करण्याच्या, ब्रेव्हे नावाच्या सायकल प्रकारातही २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास देतात, म्हणजे थांबे धरूनही ताशी पंधराला थोडे कमी, आणि तिथे पहिला-शेवटचा असा क्रम कोणी लावत नाही. तुमच्या सपाट रस्त्यावरच्या वेगाने तुम्ही त्या वाटेला नक्की जाऊ शकता. पण ते पुढच्या वर्षी बघू.

या शनिवारी फोन करा, आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवून रविवारी निघा. चढाच्या शेवटच्या वळणावर कोण खाली उतरून आले होते, ते मला सोमवारी जरूर कळवा. रक्ताचा अहवालही कळवा.

तुमची,
ताई